चौपन्नच्या सत्तावन्न

२ जानेवारी २०२५, गुरुवार

आज भाकऱ्यांच्या शेडमध्ये मी एक प्रस्ताव मांडला आणि तो मान्य झाला. इतक्या लवकर मान्य झाला की त्यात काहीतरी चूक असावी अशी शंका येते आहे, म्हणून लिहून ठेवते.

माझी गणिताची शिकवणी ऑक्टोबरात बंद पडली. तेव्हापासून मी कुंभारी रोडवरच्या या बचत गटात ऑर्डरींची वही सांभाळते. सात जणी ज्वारीच्या कडक भाकऱ्या करतात, शिवबाई मावशी कागदात बांधतात आणि ताबीश आपल्या टेम्पोतून शहरात पोचवतो. (नवरा म्हणून नव्हे, टेम्पोवाला म्हणून. हे मी अक्षताताईंना पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं होतं.) अक्षताताई गटाच्या अध्यक्ष. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण सगळ्या ताई म्हणतात म्हणून मीही म्हणते.

अडचण अशी होती की थप्प्या दहाच्या असायच्या. शहात्तरची ऑर्डर आली की सात थप्प्या आणि सहा सुट्या. कडक भाकरी सुटी गेली की मोडते. शिवाय कागद किती!

मी सुचवलं की थप्प्या पाच, आठ, तेरा, एकवीस, चौतीस आणि पंचावन्नच्या करायच्या. एक, दोन, तीन सुट्या. प्रत्येक आकडा म्हणजे मागच्या दोघांची बेरीज. अठ्ठ्याऐंशीपर्यंतची कुठलीही ऑर्डर यातून भागते, एक थप्पी दोनदा लागत नाही आणि सुट्या कधीच चाराच्या वर जात नाहीत. शहात्तर म्हणजे पंचावन्न आणि एकवीस. दोन थप्प्या, सुटी एकही नाही.

"आन् कुटली घ्यायची ते कसं कळायचं?" शिवबाई मावशींनी विचारलं.

"बसेल ती सगळ्यात मोठी आधी घ्यायची. उरलेल्यात परत तेच. दोन शेजारणी एका ऑर्डरीत कधी येणार नाहीत. आठ आणि तेरा आल्या तर त्यांची एकवीसच होते ना."

"शेजारणींचं पटत न्हाय, ते बराबर हाय," मावशी म्हणाल्या. सगळ्या हसल्या आणि ठराव झाला.

घरी ताबीश म्हणाला, "अगे, भाकरी में बी अलजेब्रा घुसा दी क्या तू?"

हे माझं नाही, हे मी सर्वांना सांगितलं. दुसऱ्या वर्षाला असताना सरांनी फळ्यावर सिद्ध करून दाखवलं होतं. एका बेल्जियन डॉक्टरच्या नावावर आहे. तरीही अक्षताताई "गुलनाजबाईंचं गणित" म्हणाल्या आणि मी दुसऱ्यांदा दुरुस्ती केली नाही. करायला हवी होती.

४ जानेवारी, शनिवार

पहिला दिवस सुरळीत. (सवय होईपर्यंत दोन दिवस भाकऱ्या थोड्या जास्तच भाजायच्या ठरल्या आहेत.) चादरीच्या कारखान्यातलं उरलेलं सूत सहा रंगांचं मिळालं. पाचला पिवळं, आठला हिरवं, असं पंचावन्नच्या लालपर्यंत. मी चिठ्ठीवर रंगाचा ठिपका काढते, मावशी बघून बांधतात. पूर्वी थप्प्या अक्षताताई मोजून लावायच्या आणि मावशी नुसत्या कागदात बांधायच्या. आता आकडे निरनिराळे झाल्यामुळे मोजणं आणि बांधणं एकाच माणसाकडे असावं असं ठरलं आणि मावशींचा हात सगळ्यात हलका.

मी थोडा वेळ त्यांच्याजवळ बसले. मोजणी ऐकण्यासारखी असते. भाकरीवर भाकरी ठेवतात आणि पुटपुटतात, "लाभ... एक... दोन... तीन..." एकही टिचत नाही. मोजणीची सुरुवात अपशकुनी नको म्हणून लाभ म्हणायचं. मला हे फार आवडलं.

आजच एक नवीन बाई कामाला लागल्या, चन्नम्मा. अक्कलकोटकडच्या, बोलण्यात कानडी ठसका. भाकरी इतकी पातळ थापतात की पलीकडचं दिसावं. आल्या आल्या अक्षताताईंना म्हणाल्या, "ताई, तुमचा तवा चांगला हाय, पर चूल लई आळशी हाय. तिला कोन बोलत न्हाय व्हय?" खांद्याला ही मोठी पिशवी, वर फडक्याची गाठ. ती कोपऱ्यात खिळ्याला टांगतात आणि कुणाला हात लावू देत नाहीत.

मला त्या आवडल्या. पहिल्या दिवशी मत बनवू नये, तरी नोंदवते.

८ जानेवारी, बुधवार

खाणावळवाल्या गुरुलिंगप्पांची रोजची ऑर्डर पंचावन्नची होती. आज फोन करून म्हणाले, "उद्यापास्नं चौपन्न."

"एक कमी का अप्पा? काही तक्रार?"

"तक्रार कसली! चौपन्न बस." आणि हसले.

एका भाकरीसाठी फोन करून ऑर्डर बदलणारा माणूस! असा काटेकोरपणा हल्ली दिसत नाही. माझी मात्र पंचाईत झाली. पंचावन्नला एक लाल थप्पी पुरायची, चौपन्नला चौतीस, तेरा, पाच आणि दोन सुट्या. पण गिऱ्हाईक म्हणेल ते.

९ जानेवारी, गुरुवार

आज नऊ भाकऱ्या कमी पडल्या.

आज चारच ऑर्डरी. गुरुलिंगप्पांच्या चौपन्न, एका दुकानाच्या चाळीस, दुसऱ्याच्या एकोणतीस आणि मुलींच्या होस्टेलच्या शहात्तर. एकूण १९९. मोडक्या वेगळ्या डब्यात टाकतो, त्या सोडून बरोबर १९९ भाजल्या, हे मी स्वतः तव्याशी उभं राहून मोजलं. होस्टेलची ऑर्डर शेवटी बांधतात. तिची पंचावन्नची थप्पी झाली, पण एकवीसच्या जागी मावशींच्या हाती बाराच उरल्या. तोवर चुली विझल्या होत्या.

काल पाच कमी पडल्या होत्या आणि परवा सहा. तेव्हा मी माझ्याच मोजणीची चूक धरली होती. आजचं तसं म्हणता येत नाही.

संध्याकाळी होस्टेलच्या रेक्टरबाईंचा फोन आला. "सात भाकऱ्या कमी आहेत." मी म्हटलं, "नऊ कमी आहेत, माफ करा, उद्या भरून देते." त्या म्हणाल्या, "सातच. मी स्वतः मोजल्या." मी नऊवर अडून बसले. आपल्याच विरुद्धच्या आकड्यासाठी कुणी इतकं भांडत नसेल. त्या विज्ञानाच्या आहेत, मोजायला चुकणार नाहीत. मीही चुकलेली नाही. मग?

१३ जानेवारी, सोमवार. भोगी

प्रचंड दिवस. बाजरीच्या तीळ लावलेल्याही केल्या. शेडमध्ये धूर, हसणं, गड्ड्याच्या यात्रेला कोण कधी जाणार याची भांडणं. चन्नम्मांनी एकटीने दीडशे थापल्या आणि वर अक्षताताईंची नक्कल करून दाखवली. ताई स्वतः पाठीमागे उभ्या होत्या. "व्हय ताई, तुमी अशाच चालता की," म्हणून त्यांनी ती पूर्णही केली.

पण चोवीस कमी. चोवीस!

सगळ्या गेल्यावर अक्षताताईंनी मला थांबवलं. "बाई, थप्प्या बदलल्या त्याच दिवशी चन्नम्मा आली की नाही? त्याआधी कधी कमी पडली होती एक तरी भाकरी?"

"नाही."

"आणि पिशवी केवढी आणती ती?"

मी म्हटलं, दोन गोष्टी एकाच दिवशी सुरू झाल्या म्हणजे एक दुसरीचं कारण ठरत नाही. हे बरोबर आहे. पण मी ते ज्या आवाजात म्हटलं त्यात जोर नव्हता. कारण दुसरी गोष्ट म्हणजे माझं गणित आणि गणितात भाकऱ्या खाण्याची सोय नसते. तेव्हा उरलं काय?

१५ जानेवारी, बुधवार

ताईंनी आणखी दोघींना सांगितलं असावं. आज दुपारच्या जेवणाला चन्नम्मांच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहिली. भिमा नावाची एक तरुण बाई आहे, ती मोठ्याने म्हणाली, "पिशवी जड दिसतीया आज!" कुणी हसलं नाही. चन्नम्मा भिमाकडे बघत राहिल्या, मग खाली बघून जेवल्या. दुपारभर त्यांच्या चुलीकडून एक शब्द आला नाही.

अकरा कमी.

१६ जानेवारी, गुरुवार

लिहायला लाज वाटते. पण ही वही मी खोटं लिहायला घेतलेली नाही.

चन्नम्मा नळावर गेल्या तेव्हा मी त्यांची पिशवी खाली काढली, गाठ सोडली आणि आत पाहिलं. आत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली काठवट होती. पीठ मळायची, लाकडाची, कडा झिजलेली. त्यांची स्वतःची. रोज घरून आणतात, तीत मळतात आणि घरी नेतात. तेवढंच. भाकरीचा चुराही नाही.

मी होती तशीच गाठ मारून पिशवी टांगली. गाठ नीट बसली.

मग ताईंना सांगायला गेले की पिशवीत काही नाही. सांगता आलं नाही, कारण मला कसं कळलं हे सांगावं लागलं असतं. म्हणजे निर्दोष असल्याचा पुरावा हातात असून मी तो खिशात ठेवला, स्वतःची अब्रू राखायला. विद्यार्थ्यांना मी सांगायची, पायरी गाळली की उत्तर बरोबर असलं तरी गुण नाहीत.

१७ जानेवारी, शुक्रवार

तेरा कमी. रेक्टरबाई म्हणाल्या, आणखी एकदा असं झालं तर दुसरीकडे बघतील. त्यांच्या मते कमी अकराच होत्या. पुन्हा दोनाचा फरक.

अक्षताताईंनी ठरवलं आहे. रविवारी गटाची बैठक आहे, तीत चन्नम्मांना उद्यापासून येऊ नका म्हणायचं. "चोर म्हणणार नाही मी, काम कमी आहे म्हणीन."

मी म्हटलं, "काम तर वाढलंय ताई."

"मग तुम्हीच सांगा बाई, भाकऱ्या जातात कुठं?"

माझ्याकडे दोन दिवस आहेत.

१८ जानेवारी, शनिवार

सापडलं! पण क्रमाने लिहिते.

सकाळी चहा घेताना वही उघडली. ऑर्डरींच्या पानावर मी एक रकाना थप्प्यांचा ठेवला आहे, कुठल्या रंगाचं सूत किती लागलं ते कळावं म्हणून. त्याच्या शेजारी आज पेन्सिलने कमी पडलेल्या भाकऱ्या लिहीत गेले. नऊ तारखेला थप्प्या नऊ, कमी नऊ. भोगीला थप्प्या चोवीस, कमी चोवीस. पंधराला अकरा, अकरा. काल तेरा, तेरा.

चहा निवला. एकही दिवस फरक नाही.

म्हणजे चोर रोज सकाळी माझी वही बघतो, प्रत्येक ऑर्डरीची फोड करतो, सुट्या वगळतो, थप्प्या मोजतो आणि बरोबर तेवढ्याच भाकऱ्या उचलतो. एक जास्त नाही, एक कमी नाही. इतका नियमबद्ध चोर आमच्या गटात एकच असू शकतो आणि तो म्हणजे मी. मी ताबीशला हे सांगितलं. तो दाढी करत होता, म्हणाला, "मेरे को पैलेइच शक था."

त्याच्या हसण्यातच सुचलं. थप्पीमागे एक. जी भाकरी थप्पीबरोबर नाहीशी होते ती थप्पीतच असणार!

तशीच शेडवर गेले. ताबीशच्या टेम्पोत चढवायला ठेवलेली तेराची थप्पी सोडली. चौदा. पाचची सोडली. सहा. रेक्टरबाईंचा दोनाचा फरकही तोच, त्यांच्या ऑर्डरीत थप्प्या दोन.

मग शिवबाई मावशींजवळ जाऊन बसले आणि या वेळी कौतुक करायला नव्हे, ऐकायला बसले. "लाभ," आणि एक भाकरी. "एक," आणि दुसरी भाकरी.

"मावशी, लाभ म्हणजेच एक ना? लाभ, दोन, तीन असं?"

"ते धान्याचं. खळ्यावर पायली घालताना लाभ, दोन, तीन. धान्य कोरडं आसतंय." त्यांनी माझ्याकडे दया येऊन पाहिलं. "ही शिजल्याली हाय. शिजल्यालं अन्न मोजू नये, माझी सासू म्हनायची. आन् मोजायचंच झालं तर पयली लाभाची. तिला आकडा न्हाय. भाकरी काय दगड हाय व्हय, एकापासनं मोजायला?"

"मग सुट्या मोजताना?"

"तीन भाकऱ्या मोजाव्या लागत्यात व्हय तुमाला? त्या दिसत्यात की!"

अब्बांचं धान्याचं दुकान होतं. माप घालताना ते "बरकत, दो, तीन" म्हणायचे. मी त्या आवाजात वाढले आहे. म्हणूनच मावशींचं "लाभ" कानावर पडलं तेव्हा मला वाटलं, मला हे माहीत आहे, आणि पुढचं ऐकायचं राहून गेलं. घरी येऊन चार तारखेचं पान काढलं. "लाभ... एक... दोन..." माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. उत्तर दोन आठवडे माझ्या वहीत होतं आणि मी एका बाईची पिशवी उघडत होते.

१९ जानेवारी, रविवार

बैठक झाली. मी आधीच ताईंना सगळं सांगितलं होतं. (सगळं नाही. पिशवीचं नाही.) मग सगळ्यांसमोर पाचची थप्पी सोडून मोजून दाखवली. भिमा ओरडली, "आगं बया, मावशीच चोर निघाली की!" शिवबाई मावशी मुळीच ओशाळल्या नाहीत.

"मी चोरलं न्हाय, दिलंय," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक वाढलं की न्हाय? कशानं वाढलं? ह्यांच्या गनितानं?"

मला हे मान्य करावं लागलं. नऊ गिऱ्हाइकांवरून आपण सतरावर आलो आहोत.

लाभ बंद करावा का यावर तासभर खल झाला. मावशी म्हणाल्या, लाभ बंद तर मी बंद. शेवटी ठरलं की लाभ चालू ठेवायचा, पण आधी धरायचा. मी सकाळी थप्प्यांची बेरीज सांगायची आणि तितक्या भाकऱ्या जास्त भाजायच्या. वहीत नवा रकाना, "लाभ".

मोठी थप्पी आधी घेतली की थप्प्या कमीत कमी लागतात, म्हणून माझ्या पद्धतीत लाभही कमीत कमी जातो. हे सिद्ध करता येतं. मावशींना सांगितलं नाही. त्या ते उलटं करायला लावतील.

अक्षताताईंनी चन्नम्मांबद्दल काही काढलं नाही. काढायचं कारणच उरलं नव्हतं. चन्नम्मा सगळ्यांत मोठ्याने हसत होत्या. सगळं छान मिटलं.

मग मला जेवण का गेलं नाही?

२० जानेवारी, सोमवार

सकाळी गुरुलिंगप्पांना फोन करून प्रामाणिकपणे सांगितलं की आमच्याकडून थप्पीमागे एक भाकरी जास्त जात होती आणि यापुढेही जाईल.

"मला ठाऊक हाय की," ते म्हणाले. "पंचावन्न मागवलं तर छप्पन येत्यात. म्हनून चौपन्न मागवून बघितलं, तर सत्तावन्न आल्या. तवापास्नं चौपन्न."

"अप्पा, मला सांगायचं नाही?"

"तुमी गनिताच्या बाई. मला वाटलं, योजना हाय."

ताबीश हे ऐकून टेम्पोत बसून पाच मिनिटं हसला. मला मात्र त्यांचा काटेकोरपणा लिहून ठेवल्याचं आठवलं. ते पान खोडणार नाही.

दुपारी चन्नम्मा एकट्या पाणी भरत होत्या. मी गेले आणि सांगितलं. पिशवी मी उघडली होती, त्या दिवशी, अशी अशी.

त्यांनी घागर भरू दिली. मग म्हणाल्या, "मला ठावं हुतं. माझी गाठ अशी गुळगुळीत नसतीया. शाळंत शिकवल्यागत गाठ मारल्याली तुमी."

"मग बोलला का नाहीत?"

"मी कशाला बोलू? चार दिस बघत हुते, तुमी कवा सांगताय."

मी माफी मागितली. त्यांनी घागर कमरेवर घेतली.

"बाई, संशय समद्या जनींत बसून घेतला. जेवताना माझ्या बाजूला कोन बसंना. आन् माफी हितं नळाला? कुनाला दिसंना अशी?"

आणि गेल्या.

मी दिवसभर स्वतःची बाजू मांडत होते. संशय मी घेतला नव्हता, ताईंनी घेतला. मी तर विरोध केला होता. तेरा तारखेचं पान काढून पाहिलं. विरोध आहे. जोर नाही. सोळाचं पान काढलं. तिथे काहीच बाजू नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

जेवणाच्या वेळी उभी राहिले. वर्गात चाळीस मुलांसमोर उभी राहायची सवय आहे, पण या बायकांसमोर पहिलं वाक्य दोनदा सुरू करावं लागलं.

मी म्हटलं, "कालपरवा भाकऱ्यांचा हिशोब लागला तेव्हा मी एक गोष्ट सांगितली नाही. चन्नम्मांवर संशय होता. मी त्यांना न विचारता त्यांची पिशवी उघडून बघितली. तीत काठवट होती. ते मला गुरुवारीच कळलं होतं आणि मी गप्प बसले. माझं चुकलं. मी माफी मागते."

मग अक्षताताई उठल्या. मला वाटलं, रागावल्या. त्या म्हणाल्या, "बाईंनी एकटीनं घेऊ नये. काढून टाकायचं मी ठरवलं होतं. चन्नम्मा, माझंही चुकलं." भिमा रडायलाच लागली. मावशींनी तिला गप्प केलं, "रडती कशाला, तुझी काठवट कोनी न्हेली न्हाय."

चन्नम्मांनी हात धुतले, पदराला पुसले. "झालं समद्यांचं?" त्या म्हणाल्या. "मग पीठ मळा की. चारशे भाकरी पडलीया आन् हितं सभा चाललीया."

जाताना मी विचारलं, "माफ केलं का?"

"ते मी सांगीन की," त्या म्हणाल्या. "आज न्हाय."

२३ जानेवारी, गुरुवार

होस्टेलला बरोबर गेल्या. रेक्टरबाईंचा फोन आला. "शहात्तर सांगितल्या होत्या, अठ्ठ्याहत्तर आल्यात." मी समजावलं. त्यांनी पलीकडे काहीतरी लिहून पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे पंच्याहत्तर मागवल्या तर किती येतील?"

पंच्याहत्तर म्हणजे पंचावन्न, तेरा, पाच आणि दोन सुट्या. तीन थप्प्या, अठ्ठ्याहत्तर भाकऱ्या. मी खरं ते सांगितलं. उद्यापासून पंच्याहत्तर.

चन्नम्मांच्या चुलीकडून अजून फारसं काही ऐकू येत नाही. मी विचारणार नाही. विचारत राहणं म्हणजे त्यांच्यावर आणखी एक काम टाकणं आहे.

२५ जानेवारी, शनिवार

मोठी धावपळ, एकोणीस ऑर्डरी. दोन वाजले तरी मी बेरजा तपासत दाराशी बसले होते. जेवण राहिलं होतं. चन्नम्मा हात झटकत आल्या, माझ्या शेजारी पोत्यावर बसल्या आणि भाजून ठेवलेल्या ढिगातली एक भाकरी उचलून गुडघ्यावर मोडली. कडक भाकरी अशी मधोमध मोडणं सोपं नाही. अर्धी माझ्या वहीवर ठेवली, उघड्या पानावरच.

"खावा. उपाशी मानसाची बेरीज चुकतीया."

शेंगाचटणीही त्यांचीच होती. भलतीच तिखट. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "अय्यो! अक्षताताईपेक्षा नाजूक हाय की ही!" आणि मग ताई पाणी कशा पितात त्याची नक्कल केली. पलीकडून भिमा हसली, मग सगळ्याच.

संध्याकाळी मोजणी केली. थप्प्या, सुट्या, मोडक्या, लाभ सगळं जुळलं. ढिगात एक भाकरी कमी आली. दोनदा मोजलं.

वहीत "कमी" च्या रकान्यात मी शून्य लिहिलं आणि सही केली.